घाम वाळत नाही तिथे

नाशिकहून रत्नागिरी, दापोली, गुहागर, अलिबाग अशा ठिकाणी कुणाची बदली झाली, किंवा निवृत्तीनंतर समुद्राजवळ घर घ्यायचं कुणाच्या मनात आलं, की ओळखीतून माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचतो. यजमानांच्या सरकारी नोकरीमुळे आम्ही काही वर्षं रत्नागिरीत राहिलो, म्हणून. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘उन्हाळा कसा आहे तिकडचा?’ आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्यही येतं, ‘पारा तर तेहतीस-चौतिसाच्या वर जात नाही म्हणे. आपण चाळीस-एक्केचाळीस सोसणारी माणसं.’ मला भीती वाटते ती या वाक्याची. म्हणून फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

पारा नाशिकला खरं बोलतो, किनाऱ्यावर अर्धंच सांगतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर असते, कधी त्याच्याही खाली. घाम येतो आणि आल्याबरोबर उडून जातो. जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. संध्याकाळी गोदावरीच्या बाजूने जरा वारा सुटला की दिवसभराचा त्रास विसरायला होतो. रत्नागिरीला मे महिन्यात दिवसाचा पारा तेहतीस-चौतीस, पण आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास, सकाळी त्याहून जास्त, आणि रात्रीसुद्धा पारा पंचवीस-सव्विसाच्या खाली उतरायला तयार नसतो. घाम येतो आणि येतच राहतो. वाळत नाही. शरीर थंड ठेवण्याचं आपल्याकडचं मुख्य साधनच तिथे निकामी होतं. ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता एकत्र आली की अंगाला ते ४४-४५ अंशांसारखं लागतं. उलट नाशिकच्या कोरड्या हवेतले ४० अंश चाळिसाहून थोडे कमीच जाणवतात.

हवामान खात्यालाही हा फरक मान्य आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंश ठेवलेली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, त्या दिवशी त्या भागात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नाशिककर हा आकडा ऐकून म्हणेल, एवढंच? एवढंच होतं. पण उघडं मैदान, डोक्यावर छप्पर नाही, खाडीकडची दमट हवा आणि तासन्‌तास बसणं.

आमच्या घरी याचा अनुभव पहिल्याच मे महिन्यात आला. सासूबाई तेव्हा सत्तरीच्या. जन्म निफाड तालुक्यातला. आयुष्यभर उन्हात कांदे काढलेले, द्राक्षबागेत राबलेल्या. त्यांना ऊन सोसत नाही असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. त्या दिवशी त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. सकाळपासून डोकं धरलंय म्हणत होत्या, पोटऱ्यांत गोळे येत होते, जेवण नको म्हणाल्या. दुपारी मी हाक मारली तर उत्तर भलतंच आलं. निफाडच्या घरातल्या कुणाला तरी उद्देशून बोलत होत्या. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, रात्रीपर्यंत त्या सावरल्या. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं की आठवडाभर अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जात होतं, त्या फक्त साधं पाणी पीत होत्या, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्याने आणखी मीठ जात होतं. बाहेर त्या दिवशी ३३ अंश होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं घर, सामान, शाळा यांपैकी कशाबद्दलच नसतं. घरात रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेलं कुणी असेल, तर निघण्याआधी नाशिकच्या डॉक्टरांना भेटा आणि ‘आम्ही दमट हवेत राहायला चाललोय, गोळ्यांमध्ये काही बदल लागेल का’ असं थेट विचारा. स्वतःहून एकही गोळी कमी-जास्त करू नका. मीठ किती घ्यायचं हेही अशा माणसाने डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

बाकी धडधाकट माणसाच्या शरीराला नव्या हवेशी जुळवून घ्यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत शरीर लवकर आणि जास्त घाम आणायला शिकतं आणि घामातून जाणारं मीठ कमी करायला शिकतं. हे शिक्षण उन्हात थोडं थोडं वावरूनच होतं, पण हळूहळू. पहिल्या आठवड्यात सामान लावायचं, बाजार करायचा, शेजारची गावं बघायची, सगळं एकदम करू नका. अंगमेहनतीचं काम सकाळी नऊच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. कोकणातली जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. आपल्याकडून जाणाऱ्यांची त्यावर चिडचिड होते. मीही ती ऐकली आहे, केलीही आहे. पण दुकानदाराची ती विश्रांती म्हणजे त्या हवेत जगण्याचा नियम आहे. तुमची दुपारही तशीच मोकळी ठेवा.

पिण्याचं सांगते. साधं पाणी पुरत नाही, हे वर आलंच. बाजारात मिळणारी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात मिसळायची. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि माप अंदाजाने वाढवायचं नाही. पण रोजच्या जगण्यात पुडीची गरजच पडू नये अशी व्यवस्था कोकणाने केव्हाच करून ठेवली आहे. सकाळी पेज. तांदूळ मऊ शिजवून, पाण्यासकट, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड किंवा पापड. शेतावर जाणारा माणूस ती पिऊनच बाहेर पडतो. पाणी, मीठ आणि पिष्ट, म्हणजे डॉक्टर जे पुडीत देतात तेच. दुपारी जेवणाच्या शेवटी सोलकढी, किंवा कोकमाच्या आगळाचं सरबत चिमूटभर मीठ आणि जिरं घालून. सासूबाईंना भाकरीशिवाय दुसरं काही आवडायचं नाही, पण त्या दवाखान्याच्या फेरीनंतर शेजारच्या काकूंनी आठवडाभर रोज सकाळी पेजेचं भांडं पाठवलं आणि त्यांना तिची सवय लागली. बाजरीची भाकरी मे महिन्यात बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ती रोज रात्री करण्याचा हट्ट तिथे सोडलेला बरा.

कुणी बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं किंवा घामाने चिंब असूनही शुद्ध हरपू लागली, तर लिंबूसरबत करत बसू नका. १०८ ला फोन करा, तोपर्यंत सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून पंख्याचा वारा घाला, मानेला आणि काखेत बर्फ ठेवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आता कूलर. नाशिकमधून निघणाऱ्या प्रत्येक टेम्पोत कूलर असतो, आमच्याही होता. वाळ्याचे पडदे नवीन बसवून घेतलेले. पहिल्या दुपारी तो लावला आणि तासाभरात खोलीतली चादर ओलसर लागायला लागली, घाम दुप्पट झाला. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “वैनी, आधी तो बंद करा बघू. इथे हवेत पाणी काय कमी आहे?” कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती होताना हवेतली उष्णता खेचली जाते. जिथे हवा आधीच वाफेने भरलेली आहे, तिथे पाण्याची वाफ फारशी होत नाही, उरतो तो फक्त ओलावा. माठाचंही तेच. नाशिकच्या माठातलं पाणी दातांना लागतं. किनाऱ्यावर तोच माठ पाणी जेमतेम गार करतो, कारण त्याच्या अंगावर आलेला पाझर उडत नाही. कूलर नाशिकलाच कुणाला तरी देऊन टाका. त्या पैशात चांगले पंखे घ्या, खोलीच्या मापाप्रमाणे दोनसुद्धा. दमट हवेत वारा अंगावरून फिरत राहणं हीच मोठी मदत असते. एसी घेणार असाल तर रिमोटवर ‘ड्राय’ असं एक बटण असतं, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात त्याचा उपयोग जास्त. पारा फार खाली न नेता ते हवेतलं पाणी काढून टाकतं. बाहेरच्या युनिटच्या जाळीवर गंजरोधक थर दिलेलंच मॉडेल मागा आणि ते युनिट समुद्राकडच्या भिंतीवर बसवू देऊ नका.

मार्च महिना तिथे फसवा असतो. पूर्वेकडून, सह्याद्री उतरून येणारा कोरडा वारा जोरात असला की समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुरू होतात, आणि तोपर्यंत दुपार तापून जाते. किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला तर हा प्रकार फारच तीव्र. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला २०१७ च्या मार्चमध्येच पारा ४६ अंशांपुढे गेला होता. तेव्हा ‘समुद्राजवळ’ म्हणजे नेमकं किती जवळ, हे घर बघताना विचारा. खाडीच्या आत पंधरा-वीस किलोमीटरवरचं गाव नकाशावर किनाऱ्याचंच दिसतं, पण वाऱ्याच्या बाबतीत ते किनाऱ्याचं नसतं.

कपड्यांचं मी जरा विस्ताराने सांगते, कारण हसण्यावारी नेलेली ही गोष्ट शेवटी दवाखान्यापर्यंत जाते. नाशिकला उन्हाळ्यात दोरीवर टाकलेलं धुणं तासाभरात कडक होतं. रत्नागिरीत उन्हाळ्यातही दिवस जातो आणि जून ते सप्टेंबर चार-चार दिवस कपडे आंबत राहतात. जाड टर्किश टॉवेल, जीन्स, मुलांचे नायलॉनचे गणवेश यांचा तिथे उपयोग नाही. सुती पंचे घ्या, घरातल्या प्रत्येकाला चार तरी. पंचा पाणी टिपतो आणि पंख्याखाली वाळतोही. आतले कपडे संपूर्ण कोरडे झाल्याशिवाय घालायचे नाहीत, मग त्यासाठी इस्त्री फिरवावी लागली तरी चालेल. आमच्या मुलाला शाळा सुरू झाल्यावर महिनाभरात जांघेत आणि कमरेला गजकर्ण झालं. औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं, दोन दिवसांत खाज गेली, आणि पंधरा दिवसांत ते चकंदळ पोटभर पसरलं. त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड होतं. त्याने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र बिनधास्त वाढते. त्वचारोगतज्ज्ञांनी ते बरं करायला कित्येक आठवडे औषध दिलं आणि घरातल्या सगळ्यांचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवायला लावले. किनाऱ्यावर राहायला जाणाऱ्याने एवढं पक्कं लक्षात ठेवावं: घामोळ्यांना थंड पाण्याची अंघोळ आणि सैल सुती कपडे पुरतात, गोल, कडेला उठलेला, खाजरा चट्टा दिसला तर दुकानदाराला नाही, डॉक्टरला दाखवायचा.

जे अंगाचं, तेच घरातल्या वस्तूंचं. तिथे काहीच वाळत नाही आणि हवेत मीठ आहे, या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की बाकीचं बरंचसं आपोआप सुचतं. नाशिकची माणसं माहेरची आठवण म्हणून कांद्याची गोणी नेतात. लासलगावचा उन्हाळी कांदा आपल्या चाळीत चार-पाच महिने टिकतो, कारण चाळीतून कोरडी हवा खेळते. रत्नागिरीत गोणी महिन्याभरात काजळीने काळी पडते, मधले कांदे सडून पाणी सुटतं. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या विणून त्या आढ्याला टांगतात. आपणही कांदा थोडाथोडा आणावा आणि जाळीत टांगून ठेवावा. गहू, बाजरी, डाळी वर्षाच्या भरायच्या नाहीत. मिरचीपूड आणि काळा मसाला अर्धा किलोच्या वर न्यायचा नाही, उरलेला नाशिकला कुणाच्या तरी घरी ठेवून लागेल तसा मागवायचा. पत्र्याचे डबे गंजतात. काचेच्या बरण्या बऱ्या. मिठाला पाणी सुटतं, गूळ पाझरतो, कुरडया आणि पापड वाकतात. हे सगळं नुकसान छोटं आहे, पण पहिल्या वर्षी ते एकामागून एक होत जातं आणि घरातल्या बाईचा धीर त्यातच खचतो, म्हणून सांगते.

येवल्याची पैठणी मात्र अजिबात नेऊ नका. जरीतली चांदी खाऱ्या दमट हवेत काळवंडते आणि रेशमावर बुरशीचे ठिपके पडले की ते पूर्ण जात नाहीत. लग्नकार्याला लागेल तेव्हा नाशिकहून आणावी. न्यावीच लागली तर मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आणि डिसेंबर-जानेवारीत, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते तेव्हा, सावलीत काढून घड्या बदला. लोकरीचे कपडे, जुने फोटो, शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रं यांनाही हाच नियम. कागदपत्रांच्या प्रती करून घ्या आणि मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा नाशिकला ठेवा. कपाटात कमी वॅटचा पिवळा बल्ब सुरू ठेवण्याची पद्धत तिथे कित्येक घरांत आहे. ती उपयोगी आहे, फक्त बल्ब कपड्यांना टेकणार नाही असा बसवा. मिक्सर, टीव्ही, संगणक पावसाळ्यात न वापरता बंद ठेवले की बिघडतात. रोज थोडा वेळ चालू करायचे.

घर भाड्याचं असो की विकतचं, ते डिसेंबरात बघू नका. डिसेंबरातलं कोकण कुणालाही आवडतं. एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात, वारा पडलेला असताना, दुपारी तीन वाजता त्या घरात जाऊन बसा. आणि एकदा जुलैमध्ये जा. पावसाचं प्रमाण ऐकून कळत नाही: नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, नैऋत्येकडून आडवा. शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट घेणार असाल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते आधी बघा. रत्नागिरीत इमारतीइमारतीवर तशा शेड दिसतात. पावसाचा मारा स्लॅबवर थेट पडू नये आणि उन्हाळ्यात स्लॅब तापू नये, दोन्हीसाठी. नैऋत्येच्या खिडक्यांना वर छज्जा किती रुंद आहे ते हाताने मोजा. भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे दिसले तर ओल आतून चढते आहे. छताच्या कोपऱ्यात सळईच्या रेषेत तडा आणि तांबडा डाग असेल तर ते घर सोडून द्या. बांधकामात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ आतल्या सळईला गंज चढवतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे खाली पडतात. वरून गिलावा करून हे झाकता येतं, थांबवता येत नाही.

जुनं चिऱ्याचं, कौलारू घर मिळत असेल आणि त्याची डागडुजी करण्याची तयारी असेल, तर मी तेच घ्या म्हणेन. जांभ्याच्या जाड भिंती, उतरतं छप्पर, पुढे-मागे पडवी, खाली आलेल्या पागोळ्या. उन्हाची तिरीप भिंतीला लागत नाही आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. मे महिन्यात आम्ही ज्या ज्या सिमेंटच्या घरात गेलो तिथे अर्ध्या तासात जीव नको झाला, आणि काकूंच्या माजघरात सासूबाई दुपारभर झोपायच्या. अर्थात कौलं दरवर्षी पावसाआधी परतावी लागतात, पडवीला झापं किंवा ताडपत्री बांधावी लागते, आणि कौलं परतणारा माणूस मेमध्ये मिळता मिळत नाही. त्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवायचं.

एवढा पाऊस पडतो म्हणजे पाणी मुबलक, हा दुसरा गैरसमज. जांभा सच्छिद्र असतो आणि उतार समुद्राकडे. पडलेलं पाणी फार काळ थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो. किनाऱ्याला लागून असलेल्या विहिरींचं पाणी याच दिवसांत मचूळ होतं. घर विकणारा विहीर दाखवेल ती दिवाळीत, काठोकाठ भरलेली. तुम्ही मे महिन्यात तळ बघा आणि पाण्याची चव घ्या.

जमीन घेणाऱ्यांनी दोन गोष्टी वकिलाकडून तपासून घ्याव्यात. किनाऱ्याच्या भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) निर्बंध लागतात, तिथे घर बांधता येईलच असं नाही. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, नकाशा मागा. आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. नाशिक जिल्ह्यात वडिलोपार्जित शेती असलेल्यांना ही अडचण नाही, पण तिकडच्या सातबाऱ्यावर एकाच गुंठ्याला पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत. प्रत्येकाची सही झाल्याशिवाय पैसे मोकळे करायचे नाहीत.

वादळ आणि पूर या विषयांवर आम्ही निघालो तेव्हा कुणी फारसं बोलत नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं; दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलं. आता घर बघताना शेजाऱ्यांना तारीख घेऊनच विचारा, ‘एकवीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषांत ते घर येतं का, हेही नगरपालिकेत कळतं. घराला टेकून वाढलेला उंच माड सावली देतो म्हणून खूश होऊ नका. त्याची झावळी किंवा नारळ कुठे पडेल ते आधी बघा.

पावसाळ्यापूर्वीच्या खरेदीला तिथे आगोटीची बेगमी म्हणतात. मेमध्ये ती करून टाका: आठवड्याभराचं धान्य, मेणबत्त्या, विजेरी, गॅसची भरलेली टाकी, नेहमीची औषधं महिन्याभराची. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, १ जून ते ३१ जुलै समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यासाठीच घरोघरी सुके बोंबील, जवळा, सोडे उन्हात कडक करून ठेवतात.

रात्री अंगणात विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. रत्नागिरीच्या कातळावर आणि चिऱ्यांच्या गडग्यांत फुरसं सर्रास असतं, लहान आणि मातीच्याच रंगाचं. चावलं तर जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. तो भाग न हलवता सरळ सरकारी रुग्णालयात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवरची लस एकच आहे, ती जवळच्या कुठल्या केंद्रात मिळते ते राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा. पायाला जखम असताना पावसाच्या साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून अनवाणी चालू नका. त्यातून होणाऱ्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाची सुरुवात साध्या तापासारखीच होते, म्हणून पावसाळ्यातला ताप अंगावर काढायचा नाही.

हे सारं मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, शेजाराने शिकवलं. कोकणी माणूस लगेच मोकळा होत नाही असं नाशिककर म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. नाशिकच्या आहोत म्हटलं की जुनी माणसं हमखास भगूरच्या सावरकरांचा विषय काढायची, ते १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांच्या काळातलं पतितपावन मंदिर अजून आहे, आणि तिथून बोलणं सुरू व्हायचं. मग तुम्ही विहिरीचं विचारा, गळक्या छपराचं विचारा, पेज कशी करतात ते विचारा. विचारलं की लोक सांगतात. न विचारता सल्ला द्यायची मात्र त्यांना सवय नाही, म्हणून पहिलं पाऊल तुम्हीच टाकायचं.

शेवटचं, जाण्याच्या वेळेबद्दल. सरकारी बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून बहुतेक कुटुंबं नेमकी सगळ्यात वाईट पंधरवड्यात तिथे पोचतात. नोकरी करणाऱ्याला इलाज नाही, त्याने जावं. मुलांना शाळा सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी न्यावं, म्हणजे शरीर थोडं सरावतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र त्या टेम्पोबरोबर बसवू नका. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर पुन्हा एकदा मेसारखाच उकाडा होतो, तोही जाऊ द्या. तोपर्यंत भावाकडे, बहिणीकडे, नाशिकमध्ये कुठेही त्यांची सोय करा, आणि दिवाळी झाल्यावर घेऊन जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने त्यांना मिळतात, आणि मार्चपासून उकाडा चढत जातो तसं त्यांचं शरीरही बरोबरीने सरावत जातं. सासूबाईंना दुसऱ्या वर्षी आम्ही असंच नेलं. त्या वर्षीच्या मेमध्ये त्या स्वतः पहाटे उठून पेज रांधत होत्या.